पंख्याचा पिच कसा निवडायचा? छोट्या आउटबोर्ड बोटीसाठी



मागच्या भागांत आपण आउटबोर्ड मोटरचं तेल, स्पार्क प्लग आणि पाण्याचा पंप यांच्याबद्दल बोललो. त्यानंतर तुमच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. कुणी लिहिलं, "मोटर नवी आहे, सर्व्हिसिंग झालंय, पण चार माणसं बसली की होडी उठतच नाही." कुणी लिहिलं, "मोटर खूप ओरडते, पण होडी पळत नाही." तिसऱ्याची तक्रार, "शेजाऱ्याकडे हीच मोटर आहे, त्याची होडी पळते, माझी नाही."

तिघांनाही मी आधी एकच गोष्ट विचारली. पंख्यावर कोणता आकडा कोरलाय? तिघांपैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. म्हणून आजचा भाग फक्त त्या आकड्यावर.

मी चेन्नईत राहतो आणि छोट्या मोटरी, छोट्या होड्या हेच माझं काम आहे. त्यामुळे उदाहरणं इथल्या किनाऱ्याची येतील. पण मालवण-देवबागला पर्यटकांची होडी चालवणाऱ्याला, गोव्यात खाडीत जाळं टाकणाऱ्याला किंवा एखाद्या धरणाच्या जलाशयात बोट ठेवणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

पंख्यावरचे दोन आकडे

प्रोपेलरला आपल्याकडे सरळ पंखा म्हणतात, मीही तेच म्हणेन. पंख्याच्या मधल्या भागावर किंवा पात्यावर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ ९¼ × ९. दोन्ही इंचांत असतात. पहिला आकडा व्यास, म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा आकडा पिच.

पिच समजायला लाकडात बसवायचा स्क्रू डोळ्यांसमोर आणा. पेचकसाने एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू ठरावीक अंतर आत जातो. आटे जवळजवळ असतील तर थोडा जातो, लांब लांब असतील तर जास्त जातो. पंख्याची पाती म्हणजे त्याच आट्यांचे तुकडे. ९ पिचचा पंखा एका फेऱ्यात, पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर, ९ इंच पुढे गेला असता.

पाणी घट्ट नसतं. पंखा थोडा घसरतो आणि होडी कमी पुढे जाते. या घसरण्याला स्लिप म्हणतात. त्याचा हिशेब पुढे करू. स्लिप म्हणजे बिघाड नव्हे, हे मात्र आत्ताच लक्षात ठेवा. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते. स्लिप शून्य असेल तर ढकलणंही शून्य.

छोट्या मोटरीत व्यास फारसा बदलता येत नाही. वरच्या आडव्या पट्टीखाली मावेल तेवढाच पंखा बसतो आणि कंपनी त्या जागेचा पुरेपूर वापर करते. म्हणून आपल्या हातात राहतो तो मुख्यतः पिच.

पिच म्हणजे होडीचा एकमेव गिअर

तुमच्या मोटरसायकलला चार-पाच गिअर असतात. खंबाटकी घाटात मागे माणूस आणि सामान असेल तर तुम्ही चौथ्या गिअरमध्ये चढत नाही. चढलात तर गाडी दबते, ठकठक करते, आणि मूठ पूर्ण पिळली तरी वेग वाढत नाही. दुसऱ्या गिअरवर आलात की इंजिन मोकळं होतं. उलट सपाट हायवेवर दुसऱ्या गिअरमध्येच राहिलात तर इंजिन नुसतं किंचाळतं.

आउटबोर्डला पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच असतं. पुढे जायचा गिअर एकच, आणि तो किती जड किंवा हलका असावा हे पिच ठरवतो. मोठा पिच म्हणजे वरचा गिअर. छोटा पिच म्हणजे खालचा गिअर. फरक इतकाच की गाडी चालवताना तुम्ही गिअर बदलता, होडीत तो किनाऱ्यावरच ठरवून निघावं लागतं. मधेच घाट आला तर काही करता येत नाही.

चेन्नईच्या समुद्रात घाट नाही, पण लाट आहे.

चेन्नईच्या वाळूवर हा प्रश्न जिवाचा का होतो

चेन्नईत मोठे ट्रॉलर कासिमेडूच्या मासेमारी बंदरात उभे असतात. त्यांना भिंतीचा आडोसा आहे. पण नोचिकुप्पम, पट्टिनपाक्कम, बेझंट नगरजवळचं उरूर कुप्पम, दक्षिणेला कोवलम, अशा वस्त्यांमधल्या होड्या थेट वाळूवरून पाण्यात ढकलतात. 'कुप्पम' म्हणजे कोळ्यांची वस्ती, आपल्याकडच्या कोळीवाड्यासारखी. पूर्वी इथे कट्टुमरम असायची. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं, 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके एकमेकांना बांधून केलेला तराफा. इंग्रजीतला कॅटामरान हा शब्द इथूनच गेला. आता बहुतेक ठिकाणी फायबरच्या होड्या आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीतून फायबरच्या होड्या आणि इंजिनं मोठ्या संख्येने आली आणि हा बदल वेगाने झाला. काहींवर लांब दांड्याचं डिझेल इंजिन असतं, काहींवर आउटबोर्ड.

वाळूवरून निघाल्यावर पहिलं काम म्हणजे फुटणाऱ्या लाटांचा पट्टा ओलांडणं. एक लाट फुटून गेली की पुढची फुटायच्या आत पलीकडे जायचं. हातात काही सेकंद असतात. त्या काही सेकंदांत होडीचा कमाल वेग किती आहे याला काडीची किंमत नाही. थांबलेली, जाळ्यांनी आणि बर्फाने भरलेली होडी किती लवकर वेग पकडते, एवढंच महत्त्वाचं. पिच गरजेपेक्षा मोठा असेल तर मूठ पूर्ण पिळली तरी मोटर हळूहळू चढते. होडी लाटेच्या तोंडाशी रेंगाळते, आडवी वळते, आणि आडवी वळलेली होडी लाट उलटवते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

परत येताना उलट परिस्थिती. मागून येणाऱ्या लाटेच्या पुढे राहायचं किंवा तिच्या पाठीवर टिकून राहायचं, आणि होडीत पकडलेली मासळी असते. म्हणजे वजन आणखी जास्त.

कोकणात खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध ओलांडताना हाच अनुभव येतो. देवबाग, आचरा, दाभोळ, कुठेही. म्हणून पिच हा फक्त वेगाचा किंवा पेट्रोलचा विषय नाही.

निवाडा आरपीएम करतो

आता मुख्य मुद्दा. योग्य पिच कोणता, हे कसं कळणार?

प्रत्येक मोटरच्या पुस्तिकेत एक ओळ असते: पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती असावेत. म्हणजे मिनिटाला किती फेरे. १० अश्वशक्तीच्या आसपासच्या अनेक फोर-स्ट्रोक मोटरींमध्ये हा पट्टा साधारण ५००० ते ६००० असतो. तुमच्या मोटरचा नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत पाहा.

नियम असा. नेहमीच्या सर्वांत जड फेरीचं वजन होडीत असताना, मूठ पूर्ण पिळल्यावर आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात आले पाहिजेत. पट्टा ५००० ते ६००० असेल, तर भरलेल्या होडीत ५४०० ते ५८०० मिळाले की पंखा जुळला.

आरपीएम पट्ट्याच्या खाली राहिले, तर पिच मोठा आहे. मोटर दबतेय. थ्रॉटल पूर्ण उघडलेलं, आत पेट्रोल-हवा भरपूर जातेय, पण फेरे होत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन, बेअरिंग यांच्यावर जास्त दाब, उष्णता जास्त, कार्बन जास्त. मोटरवर छापलेली अश्वशक्ती वरच्या आरपीएमलाच मिळते. तिथे ती पोहोचत नसेल, तर १० ची मोटर विकत घेऊन तुम्ही ८ ची वापरताय.

आरपीएम पट्ट्याच्या वर गेले, तर पिच छोटा आहे. नव्या मोटरीत लिमिटर असतो, तो मोटरला अडवतो आणि ती अडखळल्यासारखी वाजते. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा असा पहारेकरी नसतो, ती स्वतःला झिजवत राहते.

पिच एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात, असा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. तो मोठ्या मोटरींचा आहे. तिथे पिच १७, १९, २१ असे असतात. २० मधून १ गेला तर फरक ५ टक्के. आपल्या छोट्या पंख्यात ९ मधून १ गेला तर फरक ११ टक्के. म्हणून छोट्या मोटरीत एका इंचाला ३००-४०० आरपीएमचाही फरक दिसू शकतो. ठोकताळा सुरुवातीचा अंदाज करायला वापरा, निर्णय चाचणीनेच घ्या.

चाचणी कशी घ्यायची

मूठ असलेल्या छोट्या मोटरीवर आरपीएमचा काटा नसतो. त्यासाठी प्लगच्या जाड वायरीभोवती आपली वायर गुंडाळायची असा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो. महाग नसतो. त्यात इंजिनाचा प्रकार निवडावा लागतो. चुकीचा निवडला तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. न्यूट्रलमध्ये मंद चालवून पाहा. पुस्तिकेत मंद गती ९५० च्या आसपास दिली असेल आणि मीटर १९०० दाखवत असेल, तर सेटिंग बदला.

पंख्याला दोष देण्याआधी चार गोष्टी तपासा.

एक, होडीचं बूड. शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असेल तर पंखा कोणताही लावा, आरपीएम कमीच येतील. आधी खरवडून घ्या.

दोन, मोटरची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारण होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. मोटर फार वर असेल तर पंखा हवा ओढतो, फेरे वाढतात आणि ढकलणं संपतं. आउटबोर्डचा दांडा आखूड म्हणजे साधारण १५ इंच आणि लांब म्हणजे साधारण २० इंच अशा मापांत येतो. मागच्या फळीची उंची त्याला जुळली पाहिजे. मोटर फळीशी किती कोनात बसते, तेही पाहा. होडीचं नाक आकाशाकडे जात असेल तर कोनाची पिन बदला.

तीन, मूठ पूर्ण पिळल्यावर कार्ब्युरेटरचं थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतं का? केबल ढिली असेल तर उघडत नाही.

चार, पंखा धड आहे का? वाकलेलं पातं, तुटलेली कड, आणि आतला रबरी बुश सुटलेला. बुश सुटला की मोटर जोरात फिरते पण पंखा मागे राहतो. पंख्यावर आणि दांड्यावर एका रेषेत रंगाची खूण करा. चालवून आल्यावर खुणा सरकल्या असतील तर दोष बुशचा, पिचचा नाही.

आता वजन. भरल्या होडीची चाचणी म्हणजे खरोखर भरलेली होडी. इथे मी चेन्नईतल्या घराघरात असलेले २० लिटरचे पाण्याचे कॅन वापरतो. एक भरलेला कॅन साधारण २० किलो. १५ कॅन म्हणजे ३०० किलो. समुद्रावर मासळी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. कॅन घट्ट बांधा, सरकता कामा नयेत.

चाचणी लाटांच्या पट्ट्यात नको. सकाळी, वारा नसताना, उघड्या शांत पाण्यात घ्या. दोन माणसं, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, मोटर बंद करणारी दोरी मनगटाला. मोबाइलवरच्या जीपीएसने वेग पाहा. एकदा एका दिशेने, एकदा उलट दिशेने जा आणि सरासरी काढा, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो. प्रत्येक वेळी मूठ पूर्ण, आरपीएम आणि वेग स्थिर झाल्यावरच आकडा लिहा. मग कॅन रिकामे करून हलक्या होडीचे आकडे घ्या.

पंखा हाताळताना मोटर बंद, दोरीची क्लिप काढलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये. हे दर वेळी.

एकच मोटर, दोन होड्या

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील.

मोटर ९.९ अश्वशक्तीची. पट्टा ५००० ते ६०००. गिअरचं प्रमाण २.०८, म्हणजे इंजिनाचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक. या आकाराच्या अनेक मोटरींमध्ये हेच प्रमाण असतं.

पहिली होडी वाळूवरून निघणारी, साधारण ८ मीटरची, चार माणसं, जाळी, बर्फ. मोटरबरोबर आलेला पंखा १० पिचचा. भरल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ४३००, वेग ताशी ११.२ किलोमीटर. पट्ट्यापेक्षा ७०० खाली. ८ पिचचा पंखा लावला, आरपीएम ४९५०. अजून उंबरठ्यावर. ७ पिच लावला, आरपीएम ५३५०, वेग १२.१. रिकाम्या होडीत ७ पिचवर ५८००, म्हणजे वरची मर्यादा ओलांडली नाही. निर्णय: ७.

कमाल वेगात फरक ताशी १ किलोमीटरही नाही, हे पाहिलंत? यात आश्चर्य नाही. इतकी जड होडी पाण्यावर उठून घसरत नाही, ती पाणी कापत जाते. अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, म्हणजे साधारण मर्यादा नॉटमध्ये मिळते. २४ फुटांना ती सुमारे ६.६ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. त्यापलीकडे १० अश्वशक्ती तिला ओढू शकत नाही, पिच कितीही वाढवा. मिळवलं काय? मोटर मोकळी झाली, आणि थांबलेल्या होडीला वेग घ्यायला लागणारा वेळ घटला. लाटेसमोर हवं होतं तेच.

दुसरी होडी ४ मीटरची, हलकी, दोन माणसं. चेन्नईच्या उत्तरेला पळवेर्काडु म्हणजे पुलिकत सरोवर आहे, तशा शांत पाण्यातली. हीच मोटर, हाच ७ पिच. ही होडी पाण्यावर उठते, भार कमी होतो आणि आरपीएम ६००० च्या वर जाऊन लिमिटरला धडकतात. तिला ९ पिच लावला की ५५००, आणि वेग ताशी २७.

मोटर तीच. एका होडीला ७ बरोबर, दुसरीला ९. "शेजाऱ्याकडे हीच मोटर आहे" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. पंखा मोटरला जुळवायचा नसतो. मोटर, होडी आणि भार या तिघांना मिळून जुळवायचा असतो.

स्लिपचा हिशेब

दुसऱ्या होडीचाच हिशेब घेऊ. ५५०० भागिले २.०८ म्हणजे पंख्याचे मिनिटाला २६४४ फेरे. ९ इंच म्हणजे ०.२२८६ मीटर. गुणाकार ६०४ मीटर दर मिनिटाला, म्हणजे ताशी ३६.३ किलोमीटर. हा स्क्रूचा वेग, पाणी घट्ट असतं तर. खरा वेग २७. फरक ९.३. त्याला ३६.३ ने भागलं की साधारण २६ टक्के. छोट्या, हलक्या, उठणाऱ्या होडीला २० ते ३० टक्के स्लिप ठीक.

पहिल्या होडीचा ७ पिचवरचा हिशेब केला तर स्लिप ५६ टक्के येते, आणि १० पिचवर ६४. दचकू नका. जड होडी सावकाश ढकलताना स्लिप मोठीच असते. स्लिपचा आकडा दुसऱ्याच्या होडीशी ताडून बघू नका. आपल्याच होडीच्या मागच्या आकड्याशी बघा. गेल्या महिन्यात २६ होती, आज त्याच वजनात ३८ आहे, तर काहीतरी बदललंय. पातं वाकलं, बूड माखलं, नाहीतर मोटर हवा ओढतेय.

तुमची होडी कायम जडच असेल तर नवी मोटर घेताना जास्त ओढ देणारं मॉडेल आहे का विचारा. त्यात गिअरचं प्रमाण २.९ च्या आसपास असतं आणि पंखा व्यासाने मोठा. मोठा पंखा सावकाश फिरवला की जड होडीला जास्त चांगला जोर मिळतो.

आकडा पुसला गेलाय, मग?

जुन्या पंख्यावरचा आकडा रंगाखाली गेलेला किंवा घासून गेलेला असतो. पिच मोजता येतो. लागतं काय? सपाट टेबल, पट्टी, कोनमापक आणि पेन्सिल.

पंखा टेबलावर आडवा ठेवा, मधला भाग खाली. मध्यबिंदूपासून पात्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या ७० टक्क्यांवर पात्यावर एक कमान काढा. कमान पात्याची एक कड जिथे कापते तिथे टेबलापासून उंची मोजा. दुसऱ्या कडेचीही मोजा. दोन्हींतला फरक काढा. मग त्या दोन बिंदूंमध्ये पंख्याच्या मध्याशी किती अंशांचा कोन होतो ते मोजा.

उंचीचा फरक गुणिले ३६० भागिले कोन, म्हणजे पिच. समजा फरक ३८ मिलिमीटर आणि कोन ६० अंश. ३८ × ६ = २२८ मिलिमीटर, म्हणजे ९ इंच. तिन्ही पात्यांवर मोजा. एक पातं वेगळं आलं, तर ते वाकलंय. पंखा थरथरतो तो त्यामुळे.

पेट्रोल कुठे वाचतं

काही जण म्हणतात, "मोठा पिच ठेवला की आरपीएम कमी, म्हणजे पेट्रोल कमी." पूर्ण थ्रॉटलला मोटर दबून चालत असेल तर पेट्रोल वाचत नाही, ते नीट कामाला लागत नाही एवढंच. पूर्ण थ्रॉटल ही पंखा जुळवण्याची परीक्षा आहे, रोज चालवण्याची पद्धत नव्हे.

पंखा जुळल्यावर मूठ थोडी सैल करा. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाने बदलते. आरपीएम १० टक्के कमी केले, तर ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे सुमारे ०.७३. ताकद २७ टक्क्यांनी कमी लागली. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीत त्यासाठी मोजावा लागणारा वेग फार थोडा असतो.

हे ज्ञान चेन्नईला नवं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा बे ऑफ बेंगाल प्रोग्राम १९७९ पासून मद्रासमधून चालत होता. किनाऱ्यावरून निघणाऱ्या होड्यांवर तिथे बरंच काम झालं. नौका-रचनाकार ओइविंड गुलब्रान्डसेन यांनी छोट्या मासेमारी होड्यांचा इंधनखर्च कसा घटवावा यावर १९८६ साली तिथूनच अहवाल लिहिला, आणि २०१२ साली त्याच संघटनेने त्यांची याच विषयावरची पुस्तिका काढली. वेग थोडा कमी करा, बूड स्वच्छ ठेवा, पंखा होडीला जुळवा. त्यांचाही भर याच गोष्टींवर आहे.

तुमचे काही प्रश्न

*चार पात्यांचा पंखा घ्यावा का?* लाटांत त्याची पकड चांगली असते आणि थरथर कमी. पण त्याच पिचला तो मोटरवर थोडा जास्त भार टाकतो. तीन पात्यांवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच कमी घ्या आणि पुन्हा आरपीएम तपासा.

*स्टेनलेस स्टील की ॲल्युमिनियम?* छोट्या मोटरला आणि उथळ किनाऱ्याला ॲल्युमिनियम. दगडाला लागला तर पातं वाकेल, पण आतले गिअर वाचण्याची शक्यता जास्त. आणि स्वस्त असल्याने दोन ठेवता येतात.

*मे महिन्यात आरपीएम कमी येतात, का?* गरम आणि दमट हवेत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे मोटरची ताकद घटते. डिसेंबरच्या सकाळी जेमतेम पट्ट्यात बसणारा पंखा चेन्नईच्या उन्हाळ्यात खाली घसरतो. म्हणूनच मी पट्ट्याचा वरचा अर्धा भाग सांगतो, तेवढी गुंजाइश राहते.

*लाटेवरून उडी मारताना मोटर किंचाळते, पिच वाढवू का?* नाही. पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला म्हणून ती किंचाळते. लाटेच्या माथ्यावर मूठ सैल करा, पंखा पाण्यात आला की पुन्हा पिळा. हे हाताचं काम आहे, पंख्याचं नाही.

*जाळ्याचा धागा अडकला तर?* लगेच काढा. बारीक नायलॉन पंख्यामागे गुंडाळला की वितळतो आणि सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. महिन्यातून एकदा पंखा काढून बघाच. परत लावताना वॉशर त्याच क्रमाने, आणि कॉटर पिन नवी.

थोडक्यात

बूड, उंची, केबल आणि बुश तपासा. होडी नेहमीच्या सर्वांत जड फेरीइतकी भरा. मूठ पूर्ण पिळा, आरपीएम वाचा, पुस्तिकेतल्या पट्ट्याशी ताडा. कमी असतील तर पिच कमी, जास्त असतील तर पिच जास्त. एकेक इंचाने बदला आणि दर वेळी भरलेल्या आणि रिकाम्या होडीचे आकडे वहीत लिहा. एकाच होडीने कधी जड जाळी आणि कधी दोन माणसं नेत असाल, तर दोन पंखे ठेवा. जड फेरीचा नेहमी मोटरवर, दुसरा होडीत, पिन आणि पान्यासकट. पहिला तुटला तर घरी यायला तोच उपयोगी पडतो.

पुढच्या भागात मोटरची उंची आणि कोन यांवर सविस्तर बोलू. तोपर्यंत एवढंच करा. आज संध्याकाळी होडीवर जा, पंख्यावरचं शेवाळ पुसा आणि तिथला दुसरा आकडा वाचून वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.